परसातला कोंबडा आजारी पडला तर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरामागे आठ-दहा कोंबड्या आणि एखाद-दोन कोंबडे पाळणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. फार्मवरचं गणित यात धरलेलं नाही. औषधाची मात्रा दिली आहे तिथे ती पाकिटावरच्या मजकुराशी ताडून घ्या, कारण एकाच औषधाची ताकद कंपनीगणिक वेगळी असते.

१. कोंबडा आजारी आहे हे सगळ्यात आधी कशावरून कळतं?

सकाळी खुराडं उघडल्यावर तो कितवा बाहेर येतो, यावरून. धडधाकट कोंबडा बहुधा पहिला येतो, पंख फडफडवतो, आरवतो आणि दाणा दिसला की आधी कोंबड्यांना ‘टुक टुक’ करून बोलावतो. आजारी कोंबडा मागे रेंगाळतो. पिसं फुगवलेली, शेपूट खाली, मान आखडून घेतलेली, डोळे अर्धवट मिटलेले.

कोंबडा दुखणं लपवतो. अशक्त दिसला तर दुसरा कोंबडा त्याच्यावर चालून जातो, म्हणून तो उसनं अवसान आणून उभा राहतो. तुम्ही जवळ गेलात की टवटवीत वाटेल. लांबून पाच मिनिटं बघा. खाण्याचंही सोंग करतो : दाणा उचलतो, सोडतो, पुन्हा उचलतो. ‘खातोय की’ असं वाटतं आणि दोन दिवस वाया जातात.

२. रोज काय तपासायचं? प्रत्येक पक्षी हातात घ्यायचा का?

रोज नको, आठवड्यातून एकदा पुरे. अंधार पडल्यावर दांडीवरून उचला, तेव्हा पक्षी शांत असतो. छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं हवं. हाड सुरीच्या पात्यासारखं लागलं तर दुखणं कालचं नाही, काही आठवड्यांचं आहे. शेपटाखालची पिसं विष्ठेने चिकटलेली आहेत का ते पाहा आणि तिथलीच पिसं उलटी करून उवा शोधा.

शक्य असेल तर काट्यावर वजन करून वहीत लिहा. दोन किलोच्या कोंबड्याचं वजन आठवड्यात २०० ग्रॅम घटलं, तर बाहेरून काही दिसत नसलं तरी तो आजारी धरा.

३. तुऱ्याच्या रंगावरून काय समजतं?

बरंच, पण निदान होत नाही. फिका, पांढुरका तुरा म्हणजे रक्त कमी : जंत, गोचीड किंवा आतला रक्तस्राव. निळा-जांभळा म्हणजे श्वास किंवा रक्ताभिसरण बिघडलंय; जोडीला तोंड सुजलं असेल तर लगेच प्रश्न १७ वाचा. पीठ भुरभुरल्यासारखे पांढरे चट्टे बुरशीचे असतात. काळ्या खपल्यांबद्दल प्रश्न ११ मध्ये लिहिलं आहे.

फिक्या तुऱ्याचं कारण पक्ष्यात सापडत नसेल तर रात्री बॅटरी घेऊन खुराड्याच्या फटी बघा. कोंबड्यांची गोचीड दिवसा लाकडाच्या भेगांत लपते आणि रात्री रक्त पिते, म्हणून दिवसा तपासलेला कोंबडा स्वच्छ दिसतो. अशा वेळी उपचार खुराड्यावर करायचा : फटी बुजवायच्या, चुना मारायचा, गोचीडनाशक लाकडावर फवारायचं आणि ते वाळेपर्यंत पक्षी बाहेर ठेवायचे.

४. माझा कोंबडा कडकनाथ आहे. त्याचा तुरा मुळात काळपट, मग वरचं कसं लागू करायचं?

रंगावर जाऊच नका. कडकनाथची जीभ आणि तोंडाच्या आतली बाजूही गडद असते, तेव्हा तिथे बघूनही उपयोग नाही. तुऱ्याचा ताठपणा बघा : निरोगी तुरा भरीव आणि किंचित चमकदार असतो, आजाऱ्याचा मऊ पडतो, सुरकुततो. बाकी भिस्त वजन, विष्ठा आणि चालीवर. कोंबडा चांगला असताना तुऱ्याचा एक फोटो काढून ठेवा. पुढे ताडून पाहायला तोच कामी येतो.

५. कोणती शिट नेहमीची आणि कोणती धोक्याची?

नेहमीची शिट तपकिरी, घट्टसर, वर पांढरी टोपी. ही टोपी म्हणजे लघवी. दिवसातून काही वेळा चॉकलेटी किंवा मोहरीच्या रंगाची, चिकट, घाण वासाची शिटही पडते. ती आंधळ्या आतड्यातून येते आणि अगदी नैसर्गिक असते. ‘हगवण लागली’ म्हणून येणाऱ्या फोटोंमध्ये हिचेच फोटो सगळ्यात जास्त असतात.

हिरवी पातळ शिट : कोथिंबिरीचे देठ, पालक भरपूर खाल्ला असेल तर काही नाही. पालेभाजी न देताही हिरवी येत असेल तर पोटात अन्न नाही आणि नुसतं पित्त पडतंय. मानमोडीतही अशीच दिसते (प्रश्न ९). रक्त दिसलं तर रक्ती हगवण. ती तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांत जास्त, मोठ्या कोंबड्यात क्वचित. त्यासाठी अँप्रोलियमची २० टक्क्यांची पावडर लिटरला १.२ ग्रॅम, पाच दिवस, आणि त्या काळात दुसरं पाणी ठेवायचं नाही. नुसती पावडर देऊन भागत नाही. ओला भुसा काढला नाही तर आठवड्याभरात तेच पुन्हा.

६. कोंबडा दोन-तीन दिवस आरवलाच नाही. आजारी असेल का?

असेलच असं नाही. पावसाळा संपताना पिसं झडायला लागली की भले भले कोंबडे गप्प होतात. तुरा आक्रसतो, कोंबडीवर चढणंही थांबतं. नवीन पिसं आली की गाडी रुळावर येते. नवा दांडगा कोंबडा आणला तरी जुना आरवणं सोडतो. मात्र आरवायचा प्रयत्न करतो आणि आवाज फाटका, घोगरा निघतो, मान लांब करून तोंड उघडतो, तर दुखणं श्वासनलिकेचं आहे. मग प्रश्न १२ बघा.

७. संशय आला. पहिल्या दिवशी काय करायचं?

आधी वेगळं काढा, निदान नंतर. डालग्याखाली ठेवलं तरी चालेल, पण डालगं कळपाला लागून नको. मधल्या जाळीतून आजार सहज जातो. खाली पोतं किंवा कोरडा भुसा, वारा न लागणारी जागा. आजारी पक्ष्याला ऊब लागते, म्हणून थंडी-पावसात एका बाजूला दीड फुटावर ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब लावा. एलईडीने उजेड पडतो, ऊब मिळत नाही. बल्ब एकाच बाजूला असला की नको वाटल्यावर त्याला सरकता येतं.

पाण्यात माणसांचं ओआरएस पाकिटावरच्या प्रमाणात कालवा, एक-दोन दिवस द्या, मग साधं पाणी. खायला मऊ भात किंवा भिजवलेला भरडा. चारा-पाण्याचं काम आधी निरोगी पक्ष्यांचं, आजाऱ्याचं सगळ्यात शेवटी, आणि त्याची भांडी वेगळी. ही उलटापालट झाली की तुमच्या चपलाच आजार पोहोचवतात.

चोवीस तासांत फरक नसेल, किंवा दुसरा पक्षी मलूल दिसला, तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची विचारणा करता येते.

८. पाणी पितच नाही. चोच उघडून पाजू का?

ओतू नका. कोंबड्याच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचं तोंड असतं. पिचकारीने घातलेलं पाणी सरळ फुप्फुसात जातं आणि आजाराआधी ते पाणीच त्याला मारतं. ड्रॉपरने चोचीच्या कडेला एक थेंब लावा, तो गिळेपर्यंत थांबा, मग पुढचा. दहा मिनिटांत चमचाभर गेलं तरी पुष्कळ. मान मागे खेचून धरायची नाही. पाजताना घरघर आली तर हात थांबवा आणि डोकं पुढे झुकू द्या.

९. मानमोडी कशी ओळखायची? त्यावर औषध काय?

मानमोडी, म्हणजे राणीखेत, कळपातून झपाट्याने फिरते. पहिल्या दिवशी एक कोंबडी गप्प, तिसऱ्या दिवशी चार मेलेल्या. गावात यालाच ‘मर लागली’ म्हणतात. तोंड उघडून श्वास, हिरवट-पांढरी पातळ हगवण, पंख पाडलेले. जे पहिल्या तडाख्यातून वाचतात त्यांच्यात पुढे मान पिळवटणं, गोल फिरणं, पाय लुळे पडणं दिसतं.

हा विषाणू आहे, त्याला मारणारं औषध नाही. प्रतिजैविक दिलं तर फार तर वर चढलेला दुसरा संसर्ग आवरतो. लसूण, मिरी, हळद यांनी अपाय होत नाही, पण त्या नादात वेगळं काढायचे दोन दिवस हातचे जातात. दारू मात्र पाजू नका. आजार असताना पक्षी विकायला नेणं सगळ्यात वाईट : आठवडी बाजारातून तो चार गावांत पोहोचतो. हातात आजारी पक्षी घेतल्यावर स्वतःचे डोळे चोळू नका. या विषाणूने माणसाचे डोळे येतात.

१०. माझ्याकडे आठच पक्षी, मानमोडीच्या लसीची कुपी शंभर-दोनशे पक्ष्यांची. आणि लस देऊनही मर लागली, असं का होतं?

दोन्हींचं उत्तर एकाच जागी आहे : हाताळणी.

वेळापत्रक असं : पिल्लाला पाच ते सात दिवसांचं असताना लासोटा किंवा एफ लसीचा एक थेंब डोळ्यात, चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा, आठ आठवडे झाले की आर-टू-बी लस टोचायची, ०.५ मिली. आर-टू-बी जास्त जहाल असते, ती आठ आठवड्यांच्या आत दिली तर पिल्लं लुळी पडू शकतात. मोठा कोंबडा विकत आणला आणि लसीचं काही माहीत नसेल तर पशुवैद्यकाला विचारून आर-टू-बीपासून सुरुवात होते.

कुपी मोठी असते म्हणून वाडीतल्या पाच-सहा घरांनी मिळून एक दिवस ठरवावा. दवाखान्यातून लस बर्फाच्या थर्मासमध्येच आणायची (२ ते ८ अंश), सोबत तिचं स्वतःचं द्रावणही थंड. कालवल्यावर दोन तासांत संपवायची. उरलेली ‘उद्यासाठी’ ठेवली तर उद्या तिच्यात काही उरलेलं नसतं. बाकी कुपी उकळून पुरा.

लस फसते ती बहुतेक चार कारणांनी. खिशातून आणलेली गरम कुपी. नळाच्या पाण्यातून दिलेली लस, कारण क्लोरीन ती मारून टाकतं. लस पाण्यातून द्यायची असेल तर विहिरीचं पाणी घ्या आणि लिटरला ५ ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर घाला. जंतांनी किंवा आजाराने आधीच खंगलेला पक्षी. जंताचं औषध लसीच्या एक आठवडा आधी द्या. आणि चौथं, आजार अंगात शिरल्यावर दिलेली लस. प्रतिकारशक्ती यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. शेजारी मर लागल्यावर धावपळीत लस दिली आणि ‘लसीनेच मेल्या’ म्हणायचं, हे दरवर्षी होतं.

११. तुऱ्यावर आणि डोळ्याभोवती काळ्या खपल्या आल्यात. भांडणाच्या जखमा की देवी?

भांडणाची जखम बहुधा तुऱ्याच्या टोकावर, लांबट, एक-दोनच, आठवड्यात सुकते. देवीच्या खपल्या आधी पिवळसर पुळ्या म्हणून येतात, मग चामखिळीसारख्या खडबडीत काळ्या होतात, आणि तुरा, पापण्या, चोचीची कड अशा पिसं नसलेल्या जागी वाढत जातात. हा आजार डास पसरवतात, म्हणून पावसाळ्यात आणि त्यानंतर जास्त.

खपल्या ओढून काढू नका, त्यांच्यातच विषाणू असतो. पोव्हिडोन आयोडीन कापसाने लावा, डोळे चिकटले तर कोमट मिठाच्या पाण्याने पुसा. तीन-चार आठवड्यांत आपोआप गळतात. तोंडात, घशात पिवळट साय धरली तर प्रकरण गंभीर. कोंबडा उपाशी आणि गुदमरून मरतो. ती साय घरी खरवडायची नाही, रक्तस्राव होतो.

१२. शिंका, घरघर, एक डोळा सुजलेला. सर्दी म्हणून सोडून द्यायची का?

नको. नाकाजवळ नाक नेऊन वास घ्या. चेहरा फुगलाय आणि सडका वास येतोय, तर कोरायझा. वास नाही, पण डोळ्याच्या कोपऱ्यात फेस आणि रात्री खुराड्यातून खरखर ऐकू येते, तर मायकोप्लाझ्माचा जुनाट श्वसनविकार. दोन्ही जिवाणूंचे आणि दोन्हींना पशुवैद्यकाने दिलेल्या प्रतिजैविकाचा गुण येतो, पण बरा झालेला कोंबडा पुढेही जंतू बाळगून असतो. त्याचा अर्थ प्रश्न १९ मध्ये.

खुराड्यात अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबत असेल तर कोणतंही औषध टिकत नाही. आधी खत बाहेर काढा, झरोके उघडा.

१३. घरात माणसांच्या प्रतिजैविकाच्या गोळ्या आहेत. अर्धी देऊ का?

देऊ नका. मात्रा अंदाजाने पडते, दोन दिवसांत कोंबडा जरा बरा दिसला की गोळी बंद होते, आणि जंतू सरावतो. पशुवैद्यकाने औषध दिलं तर पूर्ण दिवस द्या आणि ‘मांस-अंडी किती दिवस खायची नाहीत’ हे तिथेच विचारून घ्या. जुन्या साठ्यातलं कोलिस्टिन हे प्रतिजैविक कोणी देऊ केलं तर घेऊ नका. २०१९ पासून ते खाद्यासाठी पाळलेल्या जनावर-पक्ष्यांना द्यायला देशात बंदी आहे.

१४. कोंबडा लंगडतोय. पाय मोडला का?

आधी तळवा उलटा करून बघा. मध्ये काळी खपली आणि भोवती गरम सूज असेल तर ते कुरूप नव्हे, तळव्याचा गळू आहे. असीलसारखा जड कोंबडा उंच दांडीवरून फरशीवर उड्या मारतो तेव्हा हमखास होतो. रोज दहा मिनिटं कोमट मिठाच्या पाण्यात पाय, नंतर आयोडीन, वर गॉज आणि पट्टी. दांडी दोन फुटांवर आणा, खाली भुसा घाला. सूज बोटांपर्यंत चढली तर आतला घट्ट पू पशुवैद्यकच काढेल.

पायाच्या नळीवरचे खवले उचलल्यासारखे, पांढरे, भुरभुरीत दिसत असतील तर खवल्यांखाली किडे आहेत. पाय कोमट पाण्यात भिजवून जुन्या दातब्रशने घासा आणि खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन चांगलं जाड लावा, दर दोन-तीन दिवसांनी, महिनाभर. रॉकेल लावायची जुनी रीत सोडा, कातडी भाजते.

एक पाय पुढे आणि एक मागे ताणून पडलेला तरुण कोंबडा बहुधा मरेक्सचा, म्हणजे नसांवर घाला घालणाऱ्या विषाणूच्या आजाराचा असतो. याला उपचार नाही. लस अंड्यातून निघाल्या दिवशीच द्यावी लागते.

१५. मान वाकडी झाली म्हणजे मानमोडीच ना?

एकटाच कोंबडा, बाकी कळप मजेत, हगवण नाही, तर कदाचित नाही. डोक्यावर चोचीचा जोरात वार, ब-१ किंवा ई जीवनसत्त्वाची उणीव, मरेक्स यांतही मान वळते. महिनोन्‌महिने नुसत्या पांढऱ्या तांदळावर वाढवलेल्या पक्ष्यात ब-१ची शक्यता धरा; पाण्यातून ब-कॉम्प्लेक्स दिल्यावर एक-दोन दिवसांत फरक दिसू लागतो. तरीही निदान होईपर्यंत वेगळा ठेवायचा, प्रश्न ७ प्रमाणे.

१६. सकाळीही गळ्याखालची अन्नपिशवी भरलेलीच लागते. आणि उन्हाळ्यात धापा टाकतो, तो आजार का?

रात्रभरात पिशवी रिकामी व्हायला हवी. सकाळी टणक गोळा लागला तर आत लांब गवत, सुतळी किंवा प्लास्टिक अडकलंय. दाणे बंद करा, दोन-तीन मिली गोडं तेल ड्रॉपरने पाजा आणि दिवसातून तीन-चार वेळा हलकेच चोळा. फुग्यासारखी मऊ आणि तोंडाला आंबूस वास असेल तर बुरशी चढली आहे. उलटं धरून ओकवायचा उपाय सांगितला जातो. त्यात पाणी फुप्फुसात जाऊन कोंबडे मेलेले आहेत.

धापांचं म्हणाल तर कोंबड्याला घाम येत नाही, तो तोंड उघडूनच अंग निववतो. विदर्भातल्या मे महिन्यात दुपारी धापा टाकणं साहजिक. सावलीत नेल्यावर पाऊण तासाने थांबलं तर ऊन. पहाटे गारव्यातही चालू असेल तर आजार. उष्माघातात पाय आणि तुरा साध्या पाण्याने भिजवा, बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

१७. बर्ड फ्लूची शंका कधी घ्यायची, आणि कळवलं तर सगळ्या कोंबड्या मारतील ना?

काही लक्षण न दाखवता एका-दोन दिवसांत बरेच पक्षी मेले, तुरे जांभळे पडले, तोंड सुजलं, पायाच्या नळीवर लाल-काळे डाग आले, किंवा आसपास कावळे-बगळे मरून पडले, तर शंका घ्या. डोळ्यांनी ही आणि मानमोडी वेगळी करता येत नाही, पशुवैद्यकालाही नाही. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत तपासले जातात.

कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. लागण ठरली तर एक किलोमीटर परिसरातले पक्षी नष्ट करतात, हे खरं. पण भरपाई मिळते ती जिवंत असताना नष्ट केलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. लपवून ठेवण्यात पैशाचाही फायदा नाही. देशातली पहिली लागण फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरला निघाली, तेव्हा तिथले फार्म आणि परसातल्या कोंबड्या दोन्ही गेल्या.

१८. मेलेल्या कोंबड्याचं काय करायचं? मरायला टेकलेला कापून खाल्ला तर?

कारण कळायला हवं असेल तर शव दुहेरी पिशवीत, बर्फासोबत, चोवीस तासांच्या आत दवाखान्यात न्या. फ्रीझरमध्ये गोठवू नका, आतले अवयव बिघडतात. बर्ड फ्लूची शंका असेल तर मात्र शव हलवायचंच नाही, पथकाला बोलवायचं. तपासणी नको असेल तर विहीर-ओढ्यापासून लांब तीन-चार फूट खड्डा, वर चुना, वर माती आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून दगड.

आजारी कोंबडा खायचा नाही. पूर्ण शिजवल्यावर विषाणू मरतो. धोका कापताना, पिसं काढताना, रक्त हाताला लागताना असतो. शिवाय औषध चालू असेल तर ते मांसात असतं.

१९. कोंबडा बरा झाला. कळपात कधी सोडू?

खाणं, शिट आणि वजन पूर्ववत झाल्यावर आणखी दोन आठवड्यांनी. बाहेरून आणलेल्या नव्या पक्ष्यालाही तीन आठवडे वेगळं ठेवा. घरात आजार येण्याची ती सगळ्यात सोपी वाट आहे.

अडचण दुसरीच असते. महिनाभर बाहेर राहिलेल्या कोंबड्याची जागा दुसऱ्याने घेतलेली असते. परत सोडताच तुंबळ लागते आणि अशक्त पक्षी जखमी होतो. पहिले चार दिवस जाळीपलीकडून समोरासमोर ठेवा, मग संध्याकाळी झोपायच्या वेळी सोडा.

पैदाशीसाठी ठेवला असेल तर लगेच अंडी उबवायला घालू नका. शुक्राणू तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, त्यामुळे जोरदार आजारपणानंतर तीन-चार आठवडे अंडी वांझ निघू शकतात. कोरायझा किंवा मायकोप्लाझ्मा झालेला कोंबडा जन्मभर जंतू वाहू शकतो. तो तुमच्या जुन्या कळपात राहू द्या, पण त्याच्याजवळ बाहेरचे पक्षी आणू नका आणि तो कुणाला देऊही नका. मायकोप्लाझ्मा अंड्यातून पिल्लांत उतरतो, म्हणून तो ज्या कळपात फिरलाय त्यातली अंडी उबवायला वापरू नका.